डोळ्यातले टेहळे

हेमलता कुबलच्या उजव्या डोळ्यात टेहळे शिकत होते.

टेहळे म्हणजे शरीरात सोडलेले कृत्रिम सूक्ष्म कण. जिवंत शरीरात एखादा जंतू ओळखायला ते एकदा शिकले, की दुसऱ्या कुणाच्याही रक्तात जाऊन त्याचा फडशा पाडत. देवगडपासून दूर, समुद्रात उभ्या असलेल्या या वसाहतीत पसरलेल्या जंतूवर एकही औषध चालत नव्हतं. पाण्याखाली वेल्डिंग करताना हेमलताच्या पायाला पत्रा लागला आणि जंतू रक्तात भिनला. तिच्या शरीराने त्याला रक्तातून हुसकावलं खरं. पण तोवर तो डोळ्यात शिरला होता. रक्त आणि डोळा यांच्यामध्ये एक नाजूक आडभिंत असते. ती ओलांडलेला जंतू आत निवांत वाढतो आणि दृष्टी कुरतडत जातो. रक्तात टेहळ्यांचं शिकणं पुरं होण्याआधीच माणूस दगावे; डोळ्यात मात्र त्यांना शिकायला वेळ मिळत होता.

"समोरचं धुकं वाढतंय, डॉक्टर," हेमलता म्हणाली. "ऑपरेशन कधी?"

डॉ. ईश्वरी पाळंदे खुर्ची ओढून बसल्या. "आत्ता केलं तर डोळा वाचेल. आतला गर काढला की जंतू जातील. पण टेहळेही जातील, आणि त्यांचं शिकणं अजून अर्धवट आहे."

"आणि थांबलो तर?"

"टेहळे तयार होतील. डोळा जाईल."

काचेपलीकडे तिच्याच तुकडीतली माणसं तापाने फणफणली होती. दिनार सामंतला श्वास घेता येत नव्हता. त्यानेच तिला जखमी पायानिशी पाण्यातून वर ओढलं होतं.

हेमलताने खाटेची कड घट्ट धरली. "दुसरा काहीच उपाय नाही?"

"नाही."

"मग थांबा. पण मला झोपेचं औषध द्या. डोळा जाताना जागं राहायचं नाही मला."

दिनार वाचला. सगळेच वाचले.

पुढच्या वर्षी किनाऱ्यावर वेगळ्याच जंतूची नवी साथ आली आणि ईश्वरीबाईंनी हेमलताला बोलावून घेतलं. खाटेवर एक तरुण बेशुद्ध पडला होता. दोन्ही डोळे सुजून मिटलेले. उशाशी त्याची बायको बसली होती.

हेमलता डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणाली, "दोन्ही डोळ्यांत जंतू? निदान एक तरी साफ करा."

"दोन्ही ठेवले तर टेहळे लवकर शिकतात. सगळे वॉर्ड भरलेत."

"त्याला विचारलंत?"

"आता विचारावं लागत नाही, हेमलताताई. नियम झालाय." ईश्वरीबाईंनी नजर टाळली. "तुमचंच उदाहरण दाखवून मंजूर झाला. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. त्याच्या बायकोची जरा समजूत घाला."

हेमलता खाटेजवळ गेली. त्या मुलीने तिचा हात धरला.

"ताई, तुम्ही सगळी कामं करता ना? ह्यांचा एक डोळा गेला तरी निभेल ना?"

दोन्ही डोळ्यांबद्दल तिला कुणी सांगितलंच नव्हतं.