गुरुवारी न तुटणारं नेट

"माझ्या घरात कुणाला तरी मी नकोशी झालेय. कुणाला, तेवढं शोधून द्या."

वैष्णवी जगताप खुर्चीवर बसता बसताच हे बोलली. समोर ठेवलेल्या पाण्याला तिनं हात लावला नव्हता.

दौंड स्टेशनच्या बाहेर, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत मोनिका पांढरेचं ऑफिस होतं. लग्न ठरण्याआधी मुलामुलींची गुपचूप चौकशी करून देणं, हे तिचं नेहमीचं काम. हाताखाली तिचा सख्खा मामा ज्योतिबा. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला माणूस. बोलायला हुशार, समजायला एक स्टॉप मागे.

"काय घडतंय घरात?" मोनिकानं विचारलं.

"नेट तुटतं."

ज्योतिबामामांनी डोकं खाजवलं. "ताई, मग नेटवाल्याला बोलवा की. आम्ही नवरदेव तपासतो, वायरी न्हाई."

"तीनदा आला तो. वायर बदलली, नेटचा डबा बदलला. शेवटी म्हणाला, वहिनी, बाहेरची लाइन ठणठणीत आहे. टीव्ही वायरशिवाय त्याच डब्यावर चालतो, तो कधी बंद पडत नाही. तुमच्या कम्प्युटरची वायर घरातलंच कुणीतरी काढतंय."

मामांनी स्टूल जवळ ओढलं.

वैष्णवीनं सगळं सांगितलं. गाव मांडवगण फराटा. वय अठ्ठावीस. नवरा सार्थक कुरकुंभला कंपनीत होता. तीन पाळ्यांची नोकरी, पाळी दर आठवड्याला बदलायची. चौदा महिन्यांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. गेल्या तीन महिन्यांपासून ती घरूनच पुण्यातल्या एका कंपनीचं काम करत होती. विम्याचे फॉर्म तपासायचे, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. नेट वायरचंच पाहिजे, ही कंपनीची अट.

"दोनदा ताकीद मिळाली. सोमवारपासून एकदा जरी तुटलं, तरी काम गेलं. काम गेलं की भाऊ मला माहेरी, न्हावऱ्याला घेऊन जाणार. त्यांचं ठरलंय. मला जायचं नाही, मॅडम. सहा वर्षं त्या घरात काढलीत मी. ते घर माझं आहे, असं मला वाटत होतं."

तिनं पर्समधून एक वही काढली. नेट तुटलं, की तारीख आणि वेळ लिहिलेली. मोनिका बराच वेळ पानं उलटत राहिली.

"एक आठवडा दुपारी चारच्या सुमाराला. पुढचा आठवडा सकाळी आठनंतर लगेच. मग एक आठवडा काहीच नाही."

"हो. त्या आठवड्यात वाटतं, गेलं दुखणं. की पुन्हा चार."

"दर वेळी तीन-चार मिनिटंच. आणि गुरुवारी एकदाही नाही. गुरुवारी तुम्हाला सुट्टी असते?"

"नाही, रविवारी."

"आत्ता कुठला आठवडा चालू आहे?"

"चारचा."

मोनिकानं वही मिटली. "उद्या शुक्रवार. कामावर रजा टाका, पण घरात सांगू नका. कम्प्युटर चालूच ठेवा. आम्ही कंपनीची माणसं म्हणून येतो."

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर भीमेचा पूल ओलांडताना मामांनी मागं वळून विचारलं, "मोने, हे लाइटीचं तर नसंल? शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातची. मोटर सुरू झाली की झटका बसत असंल."

"पुढं बघा मामा. लाइटीचं चक्र दोन आठवड्यांचं. वहीतलं चक्र तीन आठवड्यांचं आहे."

"मग तिसरा आठवडा आणला कुठनं?"

"तेच शोधायचंय."

घर गावाच्या कडेला होतं. पुढं ओटा, मागं गोठा, त्याच्यापलीकडं ऊस. नेटचा डबा स्वयंपाकघराच्या मागच्या बोळात, पिठाच्या डब्यांच्या वर भिंतीला लावलेला होता. तिथून वायर भिंतीच्या कडेनं पार पुढच्या खोलीत कम्प्युटरपर्यंत गेली होती.

"ही वायर कधी बदलली?"

"वीस दिवस झाले," वैष्णवी म्हणाली.

मोनिकानं डब्यात खोचलेलं टोक हळूच काढलं. प्लगची अडकवायची जीभ मोडली होती. फटीत पांढरं काहीतरी बसलं होतं. तिनं बोटावर घेऊन पाहिलं. ज्वारीचं पीठ.

"पिठाच्या वरच टांगलंय, पीठ लागणारच," मामा म्हणाले.

"वीस दिवसांत जीभपण मोडणारच का, मामा?"

तिनं टोक परत बसवलं. खोलीत कम्प्युटर चालू होता. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी, तिच्यात हसऱ्या तरुणाचा फोटो.

"हे यांचं आहे," वैष्णवी म्हणाली. "मेसेज पाठवायचं. कम्प्युटर लावला की आपोआप उघडतं. मी बंद करत नाही. वर कामाची खिडकी ओढून घेते."

"तुमच्या मोबाइलवर आहे का त्यांचं नाव?"

वैष्णवीनं मान फिरवली. "पहिल्याच महिन्यात काढून टाकलं. बघवत नव्हतं."

धाकटा दीर इंद्रजीत मोटरीपाशी पाइप जोडत होता. मोनिकानं विचारल्यावर त्यानं हात पुसले.

"व्हय, कम्प्युटर मला पायजे व्हता. दादा गेल्यावर बोललो व्हतो तसं एकदा. अजून लाज वाटती. पण वहिनीचं काम बंद पडावं, असं मनात आणलं तर किडं पडतील मला."

"दिवसा घरीच असतोस?"

"गुरुवार सोडून. गुरुवारी पेंड, खत, औषधं, समदी खरेदी शिरूरला."

परत येताना मामांनी मोनिकाच्या कोपराला कोपर मारलं. "गुरुवार! पोरगं गुरुवारी घरी नसतं आन् गुरुवारीच नेट तुटत न्हाई. तिकीट फाडू का?"

"थांबा. अजून गाडी सुटली नाही."

ओट्यावर सासरे पोपटराव बसले होते. त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"म्याच म्हणालो तिला, म्हायेरी जा म्हणून. पुन्हा लगीन कर म्हणालो. अठ्ठावीस वर्साची पोर हाय. हितं भिताडाकडं बघून म्हातारी व्हायचं का तिनं? पण वायरीला हात लावून घालवायचं, असली जात न्हाई माझी. माझं असतं त्वांडावर."

"आबा, इंद्रजीत दर गुरुवारीच खरेदीला का जातो?"

"सार्थकची सुट्टी गुरुवारची ना. त्याच्या कंपनीत तोच वार. खरेदी त्योच करायचा. त्यो गेला, वार ऱ्हायला."

मोनिका उठून आत गेली.

सासू सोजराबाई चुलीपाशी लसूण सोलत होत्या. बारीक अंगाची, डोळे खोल गेलेली बाई. कमरेला खोचलेला मोबाइल.

"वैष्णवी गेली तर?" मोनिकानं विचारलं.

सोजराबाईंचा हात थांबला. "तिला नका हो कामावरनं काढू. ती गेली तर म्या ह्या घरात बोलू कुणासंगं? ही दोघं बापल्योक, बोलली तर उसावर बोलत्यात."

"मोबाइल तुम्हाला चालवता येतो?"

"वाचाया येत न्हाई. चित्रं कळत्यात. सार्थकनं घेऊन दिलाय, त्यानंच शिकवलं."

मोनिकानं मामांना तिथंच पाणी प्यायला बसवलं आणि ती पुन्हा ओट्यावर पोपटरावांपाशी गेली. लांब मोटरीजवळ इंद्रजीतचा लाल शर्ट दिसत होता.

चार वाजून तीन मिनिटांनी खोलीतून वैष्णवीचा आवाज आला. "गेलं! मॅडम, गेलं बघा!"

पोपटराव समोर होते. लाल शर्ट जागच्या जागी होता. मोनिका घड्याळ बघत उभी राहिली. चार मिनिटांनी वैष्णवी म्हणाली, "आलं."

पंधरा-वीस मिनिटांनी मामा तोंड पुसत बाहेर आले.

"मामा, बोळात कुणी गेलं?"

"कुणीसुदिक न्हाई. म्या दारातच बसलोवतो. चोर मागच्या दारानं आला आसंल."

"तुम्ही काय खाताय?"

"भाकरी. काय गोड हात हाय बाईंचा!"

"चार वाजता भाकरी? जेवणं एकलाच झालीत घरात."

"म्याबी तेच म्हणालो. बाई पीठ घ्यायला उठल्या, आल्या, मोबाइलकडं बघत बसल्या. उठून पुन्हा गेल्या, अजून जरा पीठ आणलं. मग मोबाइल टिंग वाजला, तशा लगबगीनं तवा ठेवला. दोन भाकरी केल्या आन् म्हणाल्या, तुमीच खावा आता."

मोनिकानं डोळे मिटले.

"मामा," ती हळू म्हणाली, "बाई दोनदा बोळात गेल्या, ते तुम्ही स्वतः बघितलंत. तरी कुणी गेलं नाही म्हणता."

मामांचा चेहरा उतरला. "अगं, ती घरातली बाई. पीठ आणाया गेली."

इंद्रजीतला बोलावून घेतलं. सगळे कम्प्युटरच्या खोलीत जमले. सोजराबाई उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसल्या. मोनिकानं आधी खरं सांगून टाकलं, की ती कंपनीची नाही, वैष्णवीनं बोलावलेली आहे.

"बिघाड वायरीत नाही," ती म्हणाली. "टीव्ही चालू राहतो, फक्त कम्प्युटर तुटतो. म्हणजे डब्यातली एकच वायर कुणीतरी काढतं आणि तीन-चार मिनिटांनी परत लावतं. वीस दिवसांत प्लगची जीभ मोडली, इतक्यांदा. आता मला सांगा, ज्याला वैष्णवीला घालवायचंय, तो वायर परत कशाला लावेल?"

तिनं वैष्णवीची वही उघडली.

"मग वेळ. एक आठवडा चार. एक आठवडा आठ. एक आठवडा काही नाही. गुरुवार कोरा. मोटरीची लाइट अशी फिरत नाही. या घरात आज कुणाचंच काम असं फिरत नाही. पण एकाचं फिरायचं. कुरकुंभची पहिली पाळी तीनला सुटते, माणूस चारला घरी पोचतो. तिसरी पाळी सकाळी सातला सुटते, माणूस आठला घरी. दुसरी पाळी सुटते रात्री अकराला. तो घरी येतो तेव्हा बारा वाजलेले असतात, वैष्णवीचा कम्प्युटर बंद असतो, म्हणून वहीत तो आठवडा कोरा. आणि गुरुवारी त्याची सुट्टी."

पोपटरावांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"सार्थकच्या पाळ्या या घरात अजून चालू आहेत," मोनिका म्हणाली. "कुणीतरी आठवडा न चुकवता त्या मोजतंय."

"दादा?" इंद्रजीतनं विचारलं.

मोनिका भिंतीपाशी जाऊन खाली बसली. "मावशी, मोबाइल दाखवता?"

सोजराबाईंनी तो काढून दिला. सार्थकचा फोटो, आणि फोटोच्या कडेला हिरवा ठिपका.

"कम्प्युटरवर त्याचं खातं उघडं आहे. कम्प्युटरला नेट मिळालं, की इथं हा दिवा लागतो आणि टिंग वाजतं. वायर काढली, की थोड्या वेळानं विझतो."

मग सोजराबाई बोलल्या, कुणाकडंही न बघता.

"म्या गोठ्यात असायची. त्यो पाळीवरनं आला की आधी कम्प्युटर लावायचा. म्हणायचा, आये, दिवा लागला की समज मी आलो, तवा ठेव. वरीसभर दिवा काळाच व्हता. मग एक दिस सकाळचं आठ वाजलं आन् टिंग वाजलं. तिसऱ्या पाळीचा आठवडा व्हता. शेणाची पाटी टाकून पळत आले म्या. खोलीत बघते तर वैष्णवी."

वैष्णवीनं तोंडावर पदर धरला.

"दिवसभर दिवा जळतच ऱ्हायचा. पण त्यानं आल्यासारखं वाटत न्हाई बाई. आधी जायाला पायजे, तवा माणूस येतो."

"आणि दुसऱ्या पाळीला?" मोनिकानं विचारलं.

"त्या आठवड्यात काय करावं लागत न्हाई. रातच्याला म्या निजलेली असते. येतच आसंल म्हणते."

पोपटराव उठून बाहेर गेले. ओट्यावर त्यांच्या खाकरण्याचा आवाज आला, आणि थांबला.

वैष्णवी सासूजवळ येऊन बसली. "आत्याबाई, मला वाटलं, तुम्हाला कुणाला मी नको आहे."

"तुला घालवू म्या? मला काय ठावं, चार मिन्टानं तुझं काम जातंय. तू कदी बोललीस?"

"नाही बोलले."

"म्याबी न्हाई बोलले."

"मी कंपनीला विचारते. चारला चहाची सुट्टी घेते. मीच काढत जाईन वायर, मीच लावीन."

सोजराबाईंनी मान हलवली. "न्हाई गं. कुणाला ठावं नव्हतं तवर त्यो येत व्हता. आता ह्या बाईनं बोलून दावलं, समद्यांनी ऐकलं. आता नुसती वायर."

मोनिकानं खाली पाहिलं. आजवर तिनं किती जणांची लपवालपवी उघडी पाडली होती. मामांना तिच्याकडं बघवेना. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"तुमी त्येवढी वायर पक्की बसवून द्या," सोजराबाई म्हणाल्या. "माझा हात लागला तरी निघू नये अशी."

मोनिकानं नवा प्लग बसवला. मामांनी इंद्रजीतकडून फळीचा तुकडा आणि चार स्क्रू घेऊन डब्यावर झाकण ठोकलं. काम होईपर्यंत सोजराबाई भिंतीपाशीच होत्या. मग त्यांनी मोबाइल वैष्णवीपुढं धरला.

"ह्यातनं त्याचं नाव काढ."

"मी नाही काढणार."

"तुझ्यातनं काढलंयस की."

वैष्णवीचे डोळे वाहत होते.

"मग मला शिकव. कुठं दाबायचं?"

वैष्णवीनं सासूचं बोट धरलं आणि सार्थकच्या नावावर टेकवून ठेवलं. पडद्यावर एक चौकट आली. खाली दोन शब्द.

"काय म्हणतंय त्ये?"

"विचारतंय, नक्की काढायचं का. एकीकडं 'हो' आहे, एकीकडं 'नाही'."

सोजराबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. दोन्ही शब्दांकडं त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यातलं 'न्हाई' कंचं?"

वैष्णवीनं बोट दाखवलं. सोजराबाईंनी तेच दाबलं.