थोरलीच्या जागी

दारातच पत्र्याची निळी पेटी ठेवली होती. चालेमने चपला बाहेर काढल्या, आत पाऊल टाकलं आणि नेमका अंगठा तिच्यावर आपटला.

"कुणी ठेवली ही?" तो कळवळला.

"माझ्या सुनेची आहे," पलंगावरून मालीवन म्हणाली. "संध्याकाळच्या बसने माहेरी चाललीय, सुरीनला. ये ख्वान्ता, बस. ती निर्दोष आहे का, हे शोधायला तुला बोलावलेलं नाही. तिने एकटीने केलं की तो माझा दीर सनान तिला सामील होता, एवढंच मला सांग."

ख्वान्ता खुर्ची ओढून बसली. नाखोन पाथोममध्ये खासगी तपासाचं काम करणारी ती एकटीच बाई. त्याआधी एका विमा कंपनीत खोटे अपघात पकडण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे समोरच्याचा निकाल आधीच लागलेला असला की ती आणखी सावकाश चाले. चालेम तिचा चुलतभाऊ, निवृत्त बस ड्रायव्हर. तो तिला आपल्या साइडकारमधून फिरवायचा आणि जाईल तिथे जेवायला काय आहे याची चौकशी करायचा. दुसऱ्या कामात तो खरोखरच हुशार होता.

पलंगासमोरच्या टेबलावर दोन हात लांबीची काचेची टाकी होती. आत हिरवं शेवाळ, तरंगती पानं आणि फायटर माशाच्या सात निळ्या माद्या. फायटरचे दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांची चिरफाड करतात हे सगळे जाणतात. माद्याही काही साध्या नसतात. पण एका विणीच्या बहिणी लहानपणापासून एकत्र वाढल्या आणि त्यांना लपायला जागा असली, तर त्यांचं जमतं. त्यांच्यात एक थोरली होते आणि बाकीच्या तिचं ऐकतात.

या सात जणी मालीवनच्या नवऱ्याच्या, थोंगदीच्या हातची शेवटची वीण. त्याच्यामागे त्याच्या वाणाचं एवढंच उरलं होतं.

"माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं, मी मरता मरता वाचले," मालीवन सांगू लागली. "त्या दिवशी वारं एवढं होतं की हॉस्पिटलच्या दारातलं झाड पडलं. घरी आले तर टाकीचं हे असं झालेलं! तिघींचे पंख फाटलेत. नुसत्या नजरेने राज्य करणारी थोरली आता येता-जाता सगळ्यांच्या अंगावर धावते. पाण्यात कुणीतरी काहीतरी कालवलंय."

"मेली का एखादी?"

"अजून नाही."

"थोरली तुमच्याकडे येते?"

मालीवनचा चेहरा पडला. "पूर्वी काचेवर बोट टेकवलं की धावत यायची. आता बघतही नाही. रुसलीय. आणि मला तर पलंगावरून उतरून वाकायचीही बंदी आहे."

टाकीतलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसत होतं. तळाला जंगली बदामाची बरीच वाळकी पानं पडली होती.

"एवढी पानं कुणी घातली?"

"मी," स्वयंपाकघराच्या दारातून हळू आवाज आला. सून केसिनी तिथे उभी होती. रडून डोळे सुजले होते, पण मान ताठ होती. "जखमा भरतात म्हणून."

"जखमा करायच्या कुणी आणि पानं घालायची कुणी!" मालीवन फणकारली.

चालेम तोवर भिंतीकडच्या कोपऱ्यात नाक खुपसून उभा होता. पलंगावरून न दिसणारा तो कोपरा. "ताई, सापडलं!" तो ओरडला. "या पानाखाली फेस आहे, साबणाचा! पावडरीचे पांढरे दाणेसुद्धा चिकटलेत अजून."

"साबण!" मालीवनने छातीवर हात ठेवला. "माझा मुलगा नोप बोटीवर, मी हॉस्पिटलात. घरात दुसरं होतं कोण? बोल ना आता, केसिनी!"

केसिनीने हाताने डोळे पुसले. तिच्या मनगटावर पांढऱ्या दोऱ्यात पिवळा धागा पिळलेला होता. तसाच दोरा मालीवनच्याही हातात होता.

"हा कुठला, मावशी?"

"विहारातला. शुद्धीवर आले तेव्हा हिने बांधला. म्हणून तर जीव तुटतो गं, इतकी माया दाखवली आणि मग हे केलं."

ख्वान्ता कोपऱ्यात जाऊन तो फेस बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "याला कुणी हात लावायचा नाही."

वरच्या मजल्यावरचा भाडेकरू विरोज औषधांच्या दुकानात कामाला होता. त्याने आधीच हात जोडले. "टाकीमुळे डास होतात असं मी एकदाच म्हणालो होतो. मावशींनी सुनावलं, माझ्या मासोळ्या डासांची पिल्लं खातात, तुला चावतात ते तुझेच पाळलेले असतील. तेव्हापासून मी त्या खोलीत पाय ठेवलेला नाही."

"ऑपरेशनच्या दिवशी कुणी आलं होतं?"

"केसिनी वहिनी सकाळी स्कूटरवरून गेल्या. मागे कुणीतरी बसलं होतं. रेनकोटात होतं, कोण ते कळलं नाही."

खाली चालेम जेवायला बसला होता. समोर भात, भोपळा आणि आम्लेट. त्याने निराश होऊन पातेल्यांची झाकणं उचलून पाहिली.

"आज मासा नाही?"

"मी घरी आल्यापासून शिजलेलाच नाही," मालीवन म्हणाली. "कालव्यावरचं घर आणि मासा नाही! विचारलं तर बाई म्हणते, बाजारात ताजा मिळत नाही."

सनान हा थोंगदीचा धाकटा भाऊ. दोघांच्या घरांमध्ये कालव्यावरचा एक पूल, आणि त्या पुलावरून बरीच वर्षं कुणी आलं-गेलं नव्हतं. सनानला भावाचा वाण हवा होता, जोडी लावून वाढवायला. थोंगदीने दिला नाही. "पोटच्या पोरी आहेत, झुंजी लावणाऱ्यांना विकशील," असं म्हणाला होता. ते शब्द सनानला लागले ते कायमचेच. भावाला अग्नी देतानाही तो शेवटच्या रांगेत उभा राहिला.

ख्वान्ता आणि चालेम पोचले तेव्हा तो अंगणात बाटल्यांच्या फळीपुढे उभा होता. मागे त्याची मोटारसायकल भिंतीला टेकलेली, चाकांवर दुधीचा वेल चढलेला.

"ये रे विरोज," तो म्हणाला.

"मी विरोज नाही, चालेम. आणि ही ख्वान्ता ताई. मावशींनी पाठवलंय."

"वहिनीने?" सनानचा हात थबकला. "कशी आहे ती? जेवते ना?"

"जेवतात. संतापलेल्याही आहेत."

"मग बरी आहे," तो म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू उमटलं.

फळीवर चपट्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. एकाच ओळीत नर आणि माद्या; नरांच्या दोन बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा, म्हणजे नर एकमेकांना पाहून उगाच फुरफुरत नाहीत. माद्यांच्या बाटल्यांना पुठ्ठे नव्हते. नरांच्या कितीतरी बाटल्यांच्या तोंडाशी फेस जमला होता, माद्यांच्या एकाही बाटलीत नव्हता. बरेच पुठ्ठे उन्हाने विटलेले, पण एका टोकाचे मात्र कोरे, नूडल्सच्या खोक्यातून नुकतेच कापलेले.

"हे नवे कशाला?" ख्वान्ताने विचारलं.

"मध्ये वादळ झालं, उडाले होते." सनानने दोन बाटल्यांच्या फटीत बोट घातलं, चाचपलं आणि मग एक बाटली उचलून पाणी बदललं. पुढच्या बाटलीलाही तेच.

ख्वान्ताने पिशवीतून चिंचेची गोळी काढली आणि काही न बोलता तळहातावर ठेवून त्याच्यापुढे धरली. सनानने घेतली नाही. मग ती चालेमने घेतली.

"जेवून जा," सनान म्हणाला. "अंड्याची आमटी आहे. मासा सध्या नाही माझ्याकडे."

बाटली ठेवताना त्याची बाही वर सरकली. मनगटावर पांढरा दोरा होता, आत पिवळा धागा.

"माणूस भलताच घमेंडखोर आहे, ताई," गाडीला किक मारत चालेम म्हणाला. "तू गोळी दिलीस तर नुसतं बघतसुद्धा नाही! आणि आज सगळ्या गावानेच मासा सोडलाय की काय?"

ख्वान्ता हसली. "चालेम, मी आज काही न करता नुसती तुझ्या पोटामागे फिरले असते तरी तपास लागला असता. वळव गाडी. त्याला बरोबर घेऊ."

सनान पुलापर्यंत आला आणि तिथे अडून बसला. "वहिनीच्या उंबऱ्यावर मी पाय ठेवणार नाही." ख्वान्ता एवढंच म्हणाली, "तुम्ही नाही आलात तर केसिनी संध्याकाळच्या बसने जाईल." तो मुकाट्याने साइडकारमध्ये बसला.

सगळे पुढच्या खोलीत जमले. मालीवनने दिराला पाहून तोंड फिरवलं. निळी पेटी अजून दारातच होती.

"पाण्यात कुणी काही कालवलं नाही," ख्वान्ताने सुरुवात केली. "साबण पडला असता तर एकही जगली नसती. इथे मेली कुणीच नाही, नुसते पंख फाटलेत. हे पाण्याचं काम नाही, दातांचं आहे."

"थोरलीचं?" मालीवनने विचारलं.

"थोरली या टाकीत नाही, मावशी."

मालीवन उठून बसली. "सात आहेत! मी रोज मोजते!"

"सातच आहेत. पण ती तुमच्यावर रुसलेली नाही. जी तुम्हाला ओळखतच नाही ती बोटापाशी येईल कशी? कुणीतरी थोरलीला नेलं आणि तिच्या जागी दुसरा मासा सोडला. पाणी एवढं काळं केलं ते फरक कळू नये म्हणून. केसिनी, पानं घालायला तुला सांगितलं कुणी?"

केसिनीने खाली पाहिलं.

"राहू दे. आता तो फेस. मावशी, इतर कुठल्याही दिवशी तुम्ही तो लांबून ओळखला असता. पण या टाकीत साती माद्या आहेत, तुमच्या नवऱ्याने स्वतः निवडलेल्या, म्हणून तुमच्या मनातच आलं नाही. आज सनानकडे पुठ्ठ्यांआडच्या बाटल्यांत फेस होता, माद्यांच्या बाटल्यांत नव्हता. फेसाचं घरटं नर बांधतो. तुमच्या थोरलीच्या जागी आखूड पंखांचा नर आलाय, आणि तो सहा जणींच्या मागे लागलाय."

"मग हे सनानचं काम नव्हेच," चालेम म्हणाला. "जन्मभर मासे वाढवणारा माणूस मादी म्हणून नर कसा आणून सोडेल?"

"दिसत असतं तर सोडला नसता."

ख्वान्ता चालेमकडे वळली.

"त्यांनी तुला विरोज समजून हाक मारली. मोटारसायकलवर वेल चढलाय. मी पुढे केलेली गोळी त्यांना दिसलीच नाही. ते नर-मादी बोटाने ओळखतात, चालेम. फटीत पुठ्ठा लागला तर नर, नाही लागला तर मादी. ऑपरेशनच्या दिवशी वाऱ्याने एका टोकाचे पुठ्ठे उडाले. त्यांनी बोट घातलं, पुठ्ठा नव्हता, बाटली उचलली. केसिनीने त्यांना स्कूटरवरून इथे आणलं, इथून विहारात नेलं. तिघांच्या हातात एकच दोरा आहे आणि दोन्ही घरांत मासा शिजत नाही. मासा खाणं सोडण्याचा नवस कुणी करतं, तेव्हा कुणाच्या तरी जिवासाठी मासोळीला जीवदान दिलेलं असतं. पुढचं तुम्हीच सांगा, सनान."

सनान भिंतीला टेकून खाली बसला.

"डॉक्टरांनी केसिनीला सांगितलं होतं, आशा धरू नका," तो म्हणाला. "पोर रडत माझ्याकडे आली. बाजारातली मासोळी सोडली असती वहिनी, पण त्यात माझं काय गेलं असतं? मला अख्ख्या जगात हवी होती ती दादाची थोरली. म्हटलं, देवाला द्यायचं तर तेच द्यावं. हातात होती माझ्या. एकदा वाटलं, घरी न्यावी, जोडी लावावी. पण विहाराच्या कालव्याकाठच्या पायरीवर बसलो आणि सोडली."

"लगेच गेली नाही ती," केसिनी हुंदका आवरत म्हणाली. "पायरीशी घुटमळली, मग शेवाळात शिरली."

"पण ती माझी नव्हतीच," सनान म्हणाला. "तुझी वस्तू तुला न विचारता दिली. त्याची लाज वाटली, म्हणून पानं मीच घालायला लावली आणि पोरीकडून शपथ घेतली. डोळ्यांचंही कळू द्यायचं नव्हतं, गिऱ्हाइकं फसवतील म्हणून. तुझं घर मोडायला निघालं होतं, हे मला आज कळलं, वहिनी."

मालीवन पलंगाच्या कडेला सरकली. तिने केसिनीला हाताने जवळ बोलावलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांवरून हात फिरवत राहिली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही.

"सोन्यासारखी पोर माझी, आणि मी तिची पेटी दारात काढली," ती म्हणाली. "चालेम, उचल ती, आत ठेव."

चालेमने या वेळी अंगठा सांभाळून पेटी उचलली.

"आणखी एक, मावशी," ख्वान्ताने खिशातली बॅटरी काढून कोपऱ्यातल्या पानाखाली प्रकाश टाकला. "चालेमच्या पावडरीचे दाणे. त्यासाठी तरी आज दोन पावलं उठा."

केसिनीने आणि विरोजने धरून तिला टेबलापर्यंत आणलं. फेसात मोहरीहून बारीक पांढरे ठिपके होते आणि त्यांच्याखाली तो निळा नर पहारा देत होता. सहा बहिणींतली एक, पंख फाटलेली, लांब शेवाळात विसावली होती.

"अंडी," मालीवन पुटपुटली. "भाऊजी, इकडे या. अंडी आहेत!"

सनान काचेला नाक लावून उभा राहिला. "मला काही दिसत नाही गं. किती आहेत?"

"भरपूर आहेत. फेसभर."

"दादाचा वाण?"

"अर्धा त्यांचा," मालीवन म्हणाली, "अर्धा तुमचा. त्यांनी दिला नव्हता, मी देते."

सनानने काचेवर कपाळ टेकलं. त्याचे खांदे हलू लागले. मालीवनने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"माझ्या हॉस्पिटलात डोळ्यांचा डॉक्टरही बसतो," ती म्हणाली. "तुम्हाला मी स्वतः नेणार. नाही म्हणायचं नाही. ही पिल्लं मला एकटीला वाढवता येणार नाहीत. आणि आधी या बाकीच्या पोरींना दुसऱ्या भांड्यात काढा. हिच्या डोळ्यांनी काढा, तुमच्या बोटांनी नको."

केसिनी रडता रडता हसली आणि जाळी आणायला गेली.

चालेमने घसा खाकरला. "म्हणजे आता मासा शिजायला हरकत नाही ना?"

"आहे," केसिनी आतून म्हणाली. "आई स्वतःच्या पायांनी विहाराच्या पायरीवर जाईपर्यंत नवस आहे."

"मग मला लवकर बरं व्हायला हवं," मालीवन म्हणाली. "मलाही तिथे जायचंच आहे. थोरलीला सांगायचंय, मी घरी पोचले म्हणून."