फरक ऐकू येत नाही

ध्वनिसंग्रहालयातले सगळे त्यांना कानसेन म्हणत. गाणाऱ्यांची वानवा असली की पदवी ऐकणाऱ्याला बहाल होते. जुन्या फिती संगणकावर उतरवायच्या आणि दाबून दहाव्या हिश्श्याच्या करायच्या, हे त्यांचं काम. दाबताना संगणक माणसाच्या कानाला अनावश्यक तेवढं काढून टाकतो. कानाला काय अनावश्यक, हे कानाला न विचारता ठरवणारं हे शास्त्र. आणि ‘फरक ऐकू येत नाही’ असा दाखला त्याला कानसेनांनीच सहीनिशी दिला होता. दाखला हाती पडताच संचालकांनी मूळ फिती नष्ट करायला काढल्या.

त्यांत कानसेनांच्या दिवंगत पत्नीच्या गाण्याच्या चार फिती होत्या. पहिली फीत नष्ट झाल्यावर, उशिरा सुचलेल्या शहाणपणानं, त्यांनी दुसरी तपासली. मूळ आवाजातून दाबलेला आवाज वजा केला आणि उरलेलं ऐकलं. गाणं नव्हतंच. होता फक्त एका लहान मुलीचा शिट्टीसारखा, दमेकरी श्वास. त्या काळी लेक आईच्या मांडीवरून हलत नसे.

ते उरलेलं त्यांनी वेगळ्या फाईलमध्ये जपून ठेवलं. दुसऱ्या दिवशी फीत नष्ट झाली. फाईल उघडली, तर आत निखळ शांतता.

संध्याकाळी लेक, आता चाळिशीची, हसत म्हणाली, “बाबा, चार जिने चढले, पण छातीत शिट्टी नाही! पंपसुद्धा घरी विसरले होते.”

“डॉक्टरांना दाखव.”

“काय सांगू? बरं वाटतंय म्हणून?”

तिसरी फीत गेली. दुपारी लेक शेजारच्या खोलीत झोपली, तर खोली रिकामी असल्यासारखी वाटली.

चौथी छातीशी धरून ते संचालकांकडे गेले.

“साहेब, एवढी राहू द्या. फरक आहे. मी ऐकलाय.”

“कानसेन, दाखला तुमचाच ना?”

“चुकलो मी.”

“फाईलला सही लागते हो. कान लागत नाहीत.”

दुपारपर्यंत यंत्रानं तिचा भुगा केला.

घरी लेकीनं दार उघडलं. चेहरा टवटवीत. शब्दन्‌शब्द खणखणीत, दोन शब्दांच्या मध्ये मात्र काहीच नव्हतं.

“असे काय बघताय? चहा घ्या. जपून, कढत आहे.”

तिनं स्वतःच्या कपावर फुंकर घातली. ओठ गोल झाले, गाल आत गेले.

वाफ सरळ वर जात राहिली.