गुणगुण

आंघोळीला गेलं की तिनं सतत गुणगुणत राहायचं, असा त्या घराचा नियम होता. बाथरूमच्या दाराची आतली कडी नवऱ्यानं केव्हाच काढून टाकली होती आणि बाहेर सासूबाई स्टूल टाकून भाजी निवडत बसत. आतली गुणगुण चालू आहे तोवर सगळं ठीक. ती थांबली, की सासूबाई दार ढकलून आत. पुढं काय करायचं ते डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना नीट समजावलं होतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत आणि ती पुरती शुद्धीवर येईपर्यंत जवळून हलायचं नाही. सासूबाईंना हे इतकं तोंडपाठ झालं होतं की त्या शेजारणींचीही शिकवणी घेत.

तिला मात्र तो नियम जाचायचा. गळा यथातथाच, सूर तर तिच्या वाटेला कधी गेलाच नव्हता. नवरा तिला ‘रेडिओ’ म्हणे आणि आज स्टेशन नीट लागलं नाही म्हणून चिडवी. ती हसायची. पण तोंडाला साबण लागलेला असतानाही आपण ठीक असल्याचा पुरावा देत राहायचं, याचा तिला वीट आला होता.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. फ्रेमच्या मापानं काचा घासायच्या यंत्रावर तिचा हात चांगला बसला होता. फिट येऊ लागल्यावर मालकांनी तिला यंत्रावरून उठवून काचा पुसायला बसवलं. माणूस चांगला, पण भित्रा. पुढं गोळ्या लागू पडल्या, बरेच महिने फिट आली नाही आणि डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर उन्हाळा संपल्यावर यंत्रावर बसायला हरकत नाही. त्या एका वाक्यावर ती जगत होती.

अशातच एका सकाळी बादली भरताना तिला जळक्या रबराचा वास आला. हा वास फक्त तिलाच येई आणि त्यामागोमाग डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडू लागे. आपण खाली बसलो, एवढंच तिला आठवत होतं. डोळे उघडले तेव्हा गाल ओल्या फरशीवर होता, जीभ चावली गेली होती आणि बादली भरून वाहत होती. सासूबाई आल्या कशा नाहीत, तेच तिला कळेना.

भिंतीला धरून, कशीबशी आवरून ती बाहेर आली. सासूबाई शेंगा सोलत होत्या.

“आज गळा छान लागला होता हं तुझा,” त्या म्हणाल्या. “एकदाही थांबली नाहीस.”

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण सांगितलं की डॉक्टर, मग पुन्हा पहिल्यापासून वाट पाहणं, पुन्हा काचा पुसणं. सासूबाईंचं वय झालं, शेजारचं कुणाचं तरी ऐकलं असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि चहा निववून प्यायली.

दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा मात्र, अर्धवट शुद्धीत असताना, ती गुणगुण तिनं स्वतः ऐकली. दाराजवळून येत होती. आवाज तिचाच, तिच्याच नेहमीच्या चालीतला. तिचे ओठ तर मिटलेले होते. फरक एवढाच की सूर कुठंही चुकत नव्हता.

तरी बाहेर येऊन काही बोलली नाही. उन्हाळा सरत आला होता आणि मालकांनी यंत्राला तेलपाणी करून घेतलं होतं.

यंत्रावर बसायच्या आदल्या दिवशी, सकाळी, पुन्हा तो वास आला. आता पुरे, असं तिनं ठरवलं. खड्ड्यात गेलं ते यंत्र.

“आई, आत या.” अंगठा उडू लागला होता. “आई, मला फिट येतेय.”

बाहेर सासूबाईंनी ताटाच्या काठावर बोटानं ठेका धरला.

“छान,” त्या म्हणाल्या. “चालू दे.”

तिला जाग आली तेव्हा बाथरूम शांत होतं.

गुणगुण आता स्वयंपाकघरातून येत होती. कपबशा वाजत होत्या. आज रेडिओ एकदम सुरात कसा, असं नवरा विचारत होता. त्यावर कुणीतरी हसलं. ते हसू तिचं होतं.

तिनं दार ओढलं. ते हललं नाही.

हाक मारली. घशातून आवाज फुटला की नाही, तिचं तिलाच कळलं नाही.

आपण गप्प राहिलो की त्या येतात, हे तिला आठवलं. ती श्वास धरून गप्प राहिली.

सासूबाईंच्या सपाता दाराशी येऊन थांबल्या.

“आत कोणी आहे का गं?”

“नाही,” स्वयंपाकघरातून तिच्याच आवाजात उत्तर आलं. “मी इथं आहे ना.”

“दिवा चालू दिसला, म्हणून विचारलं.”

बटण बाहेरच्या भिंतीवर होतं. सासूबाईंनी ते बंद केलं.