दाराकडे तोंड केलेले बूट

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तरी माझा राग नाही. माझी धाकटी बहीण सरला एकाहत्तर वर्षांची आहे. तिचे गुडघे दुखतात, साखर वाढते, चष्मा हरवतो. पण खोटं बोलायची तिला सवय नाही. आयुष्यात ती एकदाच बोलली...

त्या एका खोट्याचीच ही गोष्ट.

गेल्या डिसेंबरची अकरा तारीख. मार्गशीर्षातला गुरुवार. गाव शॉमबर्ग, शिकागोच्या बाहेरचं. वेळ संध्याकाळी पाचची.

मध्यरात्र नाही, अमावस्या नाही. दिवे लागायची वेळ, बस्स.

यजमान गेल्यावर सरला लेकीकडे, प्रीताकडे, राहायला गेली. प्रीता आणि जावई राजेश दोघंही नोकरीवाले. राजेश मेट्राच्या लोकलने शिकागोला जातो, प्रीता कार घेऊन दुसऱ्या दिशेला. सकाळी साडेआठनंतर ते गाव असं रिकामं होतं, की समोरच्यांच्या गॅरेजचं दार बंद झालेलं स्वयंपाकघरात ऐकू येतं. मागे उरतात म्हातारी माणसं आणि कुत्री. पावणेचारला स्कूलबस येते आणि सई, सात वर्षांची नात, धावत घरात शिरते. साडेसहापर्यंत मग आजी आणि नात, दोघीच.

सरला मला फोनवर म्हणाली होती, "ताई, अशा गावात मी आधी राहिलेय गं."

ती कशाबद्दल बोलते आहे, ते मला कळलं.

अठ्ठ्याऐंशी साली विष्णूरावांना, म्हणजे तिच्या यजमानांना, कंपनीने तीन वर्षांसाठी जपानला पाठवलं होतं. टोकियोपासून आगगाडीने पन्नास मिनिटांवरच्या गावात त्यांना घर मिळालं. तिथून आलेली तिची पत्रं अजून माझ्या कपाटात आहेत. सकाळी सगळे पुरुष गडद कोट घालून स्टेशनाकडे. स्टेशनाबाहेर सायकलींची रांग, एकमेकींना चिकटून. मग दिवसभर गावात बायका, मुलं आणि गॅलऱ्यांत उन्हाला टाकलेल्या गाद्या. आणि संध्याकाळी पाच वाजता खांबांवरच्या भोंग्यांतून एक संथ सूर वाजायचा. मुलांनो, आता घरी जा, एवढाच त्याचा अर्थ. तो वाजला की मैदानातली पोरं खेळ अर्धा टाकून निघायची. कुणाला हाक मारावी लागायची नाही.

सरलाला ते फार आवडायचं. तिने लिहिलं होतं, "सूर वाजला की मी देवापाशी दिवा लावते. घड्याळ बघावंच लागत नाही."

शेजारच्या दारात मिहो नावाची मुलगी राहायची. सहा वर्षांची. गळ्यातल्या दोऱ्यात घराची किल्ली. वडील नव्हते. आई टोकियोत कामाला, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दारात उभी राहायची. तोवर मिहो सरलाकडे असायची. छोट्या प्रीताशी खेळायची, शिरा खायची. सरलाला ती 'सारुरा' म्हणायची. आणि घरात शिरताना बूट काढले की वळून, दाराकडे तोंड करून, जोडीने नीट ठेवायची. जाताना सरळ पाय घालून निघता यावं म्हणून. तिकडची रीतच तशी.

मग एका संध्याकाळी मिहो सरलाच्या घरून निघाली...

आणि आपल्या घरी पोचली नाही.

दोन दारांमध्ये सात पावलांचं अंतर होतं.

ती पुन्हा कधीच सापडली नाही. सरलाने मला तेव्हा एवढंच सांगितलं होतं.

आता शॉमबर्गचं सांगते.

प्रीताच्या घरामागे पार्क आहे. तिथे वादळाची सूचना देणारा भोंगा आहे, उंच खांबावर. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला तो तपासणीसाठी वाजवतात. एरवी गप्प.

पाच डिसेंबरला, शुक्रवारी, सरला कणीक मळत होती. बाहेर काळोख झालेला. पाच वाजले...

आणि त्या खांबावरून तो सूर आला.

तोच. संथ. शेवटाला किंचित थरथरणारा.

तिचे हात परातीत तसेच राहिले. सईने टॅबलेटवरून मान वर केली नाही. सूर थांबला. मागून काही आवाज नाही, गाडीचा नाही, कुत्र्याचा नाही. सरला हात पुसत दाराशी गेली.

दाराशी चौघांचे बूट नेहमी ढिगात पडलेले असतात. राजेशचा एक इकडे, एक तिकडे.

आता सगळे जोडीने लावलेले होते.

सगळ्यांची तोंडं दाराकडे...

"सई, तू लावलेस बूट?"

"नो, आजी."

शनिवारी-रविवारी सगळे घरात होते, तेव्हा काही नाही. सोमवारी पुन्हा. सरलाने पायाने सगळे बूट विस्कटून टाकले. मंगळवारी पुन्हा. त्या दिवशी प्रीता आणि राजेश लवकर आले.

"अरे वा, आई! राजेश, बघ, तुझे बूटसुद्धा लाइनीत! मला दहा वर्षांत जमलं नाही."

"मी नाही लावले," सरला म्हणाली. "तुला पाच वाजता काही ऐकू येतं का गं? तिकडे जपानात वाजायचं, तसं?"

प्रीताचं हसू गेलं.

"आई, परवा तू शेगडी चालू ठेवली होतीस."

"एकदा."

"मी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय. सोळाची. जस्ट मेमरी टेस्ट. काही निघालं तर सईला आफ्टरस्कूलला टाकू, संध्याकाळपर्यंत शाळेतच राहील. तुझ्यावर लोड नको."

"आणि मी दिवसभर काय करू? भिंतींशी बोलू?"

"बोला, आई," राजेश म्हणाला. "भिंती निदान उत्तर तरी देतील. तुमची लेक सतत मीटिंगमध्ये असते."

सरलाला हसू आलं नाही. सई हातातून गेली, तर त्या मोठ्या घरात तिला उरणार काय होतं? तिने त्या दिवसापासून तोंड मिटलं.

बुधवारी शिरा खाता खाता सईने विचारलं, "आजी, हू इज सारुरा?"

सरलाच्या हातातला चमचा खाली पडला.

विष्णूराव गेल्यावर ते नाव घरात कुणाला ठाऊक नव्हतं. प्रीता तेव्हा चार वर्षांची होती. मिहो दुसऱ्या गावी राहायला गेली, असंच तिला सांगितलेलं.

"कोण म्हणालं तुला हे?"

सईने दाराकडे बोट दाखवलं.

दाराशी कुणी नव्हतं...

आणि मग तो गुरुवार आला.

सरलाने चौरंग मांडला, कलश ठेवला, गुरुवारची पोथी उघडली. कहाणी वाचताना मधे उठायचं नाही, मधे बोलायचं नाही. आमच्या आईने घालून दिलेला नियम. लग्नापासून सरलाने तो मोडला नव्हता.

निम्मी कहाणी झाली. पाच वाजले. सूर आला...

तिच्या पाठीमागे, दाराशी, सई बोलत होती. हळू आवाजात.

"युअर हाउस इज डार्क?"

मग शांतता. जणू कुणी उत्तर देत होतं.

"ओके. आय विल वॉक यू."

सरलाचे ओठ हलत होते. अक्षरं दिसत नव्हती.

"आजी, तिच्या मॉमची ट्रेन लेट आहे. मी तिला घरी सोडून येऊ?"

बुटाची पट्टी ओढल्याचा आवाज. कुलूप फिरल्याचा आवाज.

इथपर्यंत सांगून सरलाने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग इतक्या वर्षांत कुणालाही न सांगितलेलं तिने मला सांगितलं.

तोही मार्गशीर्षातला गुरुवार होता. ती अशीच कहाणी वाचत होती. सूर वाजला आणि मिहोने दारातून विचारलं, सारुरा, आमच्या घरात काळोख आहे, आईची गाडी उशिरा येणार आहे, मी थांबू का? सरलाने पोथीवरून नजर उचलली नाही. हाताने नुसती खूण केली. जा.

कहाणी संपवून ती उठली. मिहोचे लाल बूट दाराशीच होते. दाराकडे तोंड करून.

मिहो नव्हती.

सरला घाबरली. तिने ते बूट पिशवीत घालून कपाटात कोंबले. मग मिहोची आई आली. सरलाचे दोन्ही हात धरून तिने विचारलं, तू तिला जाताना पाहिलंस ना? आणि सरला म्हणाली, हो. पाहिलं. दारापर्यंत सोडलं.

त्या एका 'हो'मुळे सरलाच्या घरात आणि जिन्यात कुणी शोधलंच नाही. आईला आणायला गेली असेल, म्हणून सगळे स्टेशनाकडे धावले.

आणि आता, शॉमबर्गला, पुन्हा तेच दार उघडत होतं...

सरलाने पोथी मिटली. निम्म्यावर. गुडघे विसरून उठली.

दार सताड उघडं होतं. सईचं एक पाऊल उंबऱ्याबाहेर, बर्फात. तिचा उजवा हात जरा खाली, बाजूला धरलेला. कुणाचा तरी हात हातात असावा तसा.

शेजारी कुणी नव्हतं.

सरलाने तिचा डावा हात धरून ओढलं. सई हलेना. सात वर्षांचं हलकं पोर, पण पलीकडूनही कुणीतरी धरलं होतं.

तेव्हा सरला त्या रिकाम्या जागेशी बोलली. जपानी सगळं विसरलेली. मराठीतच बोलली.

"नको जाऊस, बाळा. आई येईपर्यंत इथेच थांब. शिरा केलाय."

सईचा हात सैल झाला. ती आत आली.

दार सरलाने लावलं नाही. ते हळूच लागलं. आत आलेल्या माणसाने लावावं तसं...

त्यानंतर सूर वाजला नाही. बूट पुन्हा ढिगात पडू लागले. डॉक्टरांनी सांगितलं, स्मरणशक्ती ठणठणीत. आफ्टरस्कूलचा विषय बारगळला.

"सुटलीस बाई," मी म्हटलं.

"सुटले कुठे, ताई? बूट फिरत नाहीत, म्हणजे तिला आता निघायचं नाही."

ती रोज शिऱ्याच्या दोन वाट्या भरते. सई एक खाते. दोन्ही रिकाम्या होतात.

मागच्या आठवड्यात, आमच्याकडे सकाळचे सहा चाळीस झालेले, सरलाचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"ताई, प्रीता-राजेश दोघंही बर्फामुळे अडकलेत. आणि घंटा वाजतेय. दारावरच्या कॅमेऱ्यात बघितलं. कुणी नाही. बर्फात पाऊलसुद्धा नाही."

"किती वाजलेत तिकडे?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.

"सात दहा."

मला फोनमधून घंटा ऐकू आली. एकदा. सभ्यपणे. शेजारणीने वाजवावी तशी.

"मिहोची आई विचारेल गं, पाहिलंस ना म्हणून. या वेळी मी खरं सांगेन. पण ताई... खरं ऐकल्यावर ती मुकाट्याने आपलीच मुलगी घेऊन जाईल ना?"

मी फोन कानाशी घट्ट दाबला.

"दार उघडू का?"

मागे सई कशाला तरी हसली.

आणि तिच्यामागून, लगेच... दुसरं कुणीतरी.

फोन कट झाला.

तेव्हापासून सरला माझा फोन घेत नाही. रविवारी मी प्रीताला केला. ती म्हणाली, सगळं ठीक आहे मावशी, आई जरा गप्प असते, बसून राहते, सईकडे बघत.

"आणि सई?"

"सई मजेत! उलट एकदम शिस्तीची झालीय. शाळेतून आली की बूट काढते आणि वळून, दाराकडे तोंड करून, जोडीने नीट ठेवते. आईने शिकवलं असणार."