तांबूस गोळ्यांचा आकार

त्या पत्राला त्याने उत्तर दिलंच नव्हतं. सूर्यापासून फार दूर, काळोखात फिरणाऱ्या छोट्या बर्फाळ गोळ्यांवर त्याने लेख लिहिला होता, आणि एका अनोळखी संशोधक बाईंनी चार ओळींत त्यातली चूक दाखवली होती. चूक खरी होती. शरमेने तो मूग गिळून बसला. वर्ष लोटलं.

मग एका परिषदेत, चहाच्या टेबलापाशी, शेजारून एका बाईचा आवाज आला,

"बिल्ला उलटा लावलाय तुम्ही."

नाव दिसू नये म्हणून मुद्दामच लावला होता. तिने बोटाने तो हळूच सुलटा केला, नाव वाचलं... आणि हसली.

"अरे वा! उत्तर न देणारे ते तुम्हीच!"

त्याने कप बशीत ठेवला. "ते... तुमचं बरोबर होतं."

"एवढं लिहायला हात झिजले असते?"

दुपारची व्याख्यानं बुडवून दोघं जिन्यावर बसले. खिडकीवर पाऊस टपटपत होता.

"सगळे गोळे कोळशासारखे काळे धरलेत. अंदाजपंचे!" ती म्हणाली. "तांबूस गोळे अंगाने जरा उजळ. लहान असूनही चमकतात. चमक पाहून तुम्ही उगाच आकाराने फुगवलंत बिचाऱ्यांना. मग खरा आकार कसा काढायचा, सांगा बघू?"

"नुसत्या चमकण्यावरून नाही," तो पुटपुटला. "त्यांची ऊब मोजून."

"येतं की तुम्हाला! मला वर्षभर वाटायचं, माणूस शिष्ट असणार."

"आणि आता?"

"आता... ऊब मोजतेय."

त्याचे कान लाल झाले. तिने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी फाटकाशी तिची टॅक्सी आली. दारावर हात ठेवून ती थांबली.

"तुमच्याच संस्थेत मला जागा देऊ केलीय. महिनाअखेर कळवायचंय. यावं... की नको?"

त्याला ओरडून 'या' म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "संस्थेचं ग्रंथालय... चांगलं आहे."

"ग्रंथालय!" तिने हसून कपाळाला हात लावला, पण डोळे हसत नव्हते. "तोंडाने जमत नसेल तर लिहा. मात्र या खेपेला वाट बघणार नाही हं मी."

टॅक्सी वळली.

घरी त्याने आधी गोळ्यांच्या रंगांवर तीन पानं लिहिली. फाडली. मग एवढंच उरलं — 'चूक माझी होती. तुम्ही या. संस्थेला तुमची गरज आहेच, पण मला जास्त आहे.'

सकाळी पोस्टातल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं.

"साधं की जलद?"

"जलद," तो म्हणाला, पहिल्यांदाच न अडखळता. "आधीच वर्षभर उशीर झालाय."

बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि दणकन शिक्का मारला.