येतो म्हणू नये

त्या दिवशी शेवटची तुकडी आत फिरवून आणायची, फाटकाला कुलूप घालायचं आणि घरी जाताना सायकलचं पंक्चर काढून घ्यायचं, एवढंच रेडिओच्या डोक्यात होतं. नदीकाठच्या चुनखडीच्या गुहेत पाहुण्यांना फिरवणं हे त्याचं काम. तोंड एकदा सुरू झालं की बंद करायची खुंटी सापडत नाही, म्हणून तिकीट खिडकीवरच्या माणसानं त्याला रेडिओ म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे त्याची बायकोही रागावली की तेच म्हणू लागली. रेडिओला त्याचं वाईट वाटत नसे. उलट, आपल्या तोंडावर माणसं खूश होऊन जातात याचा त्याला गर्वच होता.

गुहेबद्दल काठावरच्या लोकांकडे गोष्टींना तोटा नव्हता. कुणी म्हणे, ती नदीच्या तळाखालून पलीकडे निघते. एकाची काळी म्हैस आत शिरली आणि तिकडून पांढरी होऊन बाहेर आली. कुणी म्हणे, पाणी चढलं की आतून घणाचे घाव ऐकू येतात. रेडिओ हे सगळं तिखटमीठ लावून सांगायचा. पण त्याचा हुकमाचा एक्का वेगळाच होता.

एरवी आपण कुणाकडून निघताना ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतो, आणि घरचं माणूस ‘या’ म्हणतं. या गुहेत मात्र उलटी रीत. बाहेर पडताना स्पष्ट ‘जातो’ म्हणायचं, ‘येतो’ म्हणून शब्द द्यायचा नाही. ही शिस्त रेडिओला त्याच्या सासऱ्यानं लावली होती. आधी हे काम सासऱ्याकडे होतं. असं का, ते म्हाताऱ्यानं एकदाच सांगितलं, तेही खालच्या आवाजात, नाइलाजानं. रेडिओनं त्याचा खेळ केला.

त्या दिवशीची तुकडी कुठल्याशा कारखान्यातून सहलीला आलेली होती. मंडळी हसरी होती. त्यांच्याबरोबर, पण त्यांच्यातली नसलेली, एक म्हातारी बाई आणि तिचा हात धरलेली तिची चाळिशीतली मुलगी मागे उभ्या होत्या. रेडिओनं गुहेच्या तोंडाशी एका दगडावर पाय ठेवला आणि सुरू झाला.

“फार फार वर्षांपूर्वी इथं चुन्याची भट्टी होती. भट्टीवर एक दगडफोड्या होता. गडी पहाडासारखा, पण बायकोसमोर मांजर! बायको अशी, की तिच्या तोंडाला भट्टीसुद्धा घाबरून विझायची. रोज दुपारी ही पितळी डबा घेऊन यायची आणि डबा उघडायच्या आधी तोंड उघडायची. एक दिवस नदीला पाणी चढत होतं. बायको आली, तिनं तोंड उघडलं. गडी म्हणाला, ‘थांब, आत पहार राहिलीय, येतो.’ ही म्हणाली, ‘या.’ तो जो आत गेला...” इथं रेडिओ डोळे मिचकावायचा. “पाणी चढलं, पाणी उतरलं. ही रोज दाराशी येऊन हाक मारी. आतून उत्तर येई, ‘येतो... येतो...’ पण येतोय कशाला! जन्मात पहिल्यांदा निवांत बसायला मिळालं होतं बिचाऱ्याला!”

मंडळी खो खो हसली. एकानं आपल्या बायकोकडे बघून टाळीही दिली. तेवढ्यात मागून आवाज आला.

“डबा पितळी नव्हता.”

म्हातारी बोलली होती. चढा आवाज नव्हता, रागही नव्हता. दुकानात कुणी चुकीचं माप सांगितलं तर आपण सांगतो, तसं तिनं सांगितलं.

रेडिओला अशा वेळी गप्प बसणं माहीत नव्हतं. “काय आजीबाई, तुम्ही होतात की काय तिथं?”

“हो,” ती म्हणाली. “डबा घेऊन मीच आले होते.”

मंडळी पुन्हा हसली. त्यांना वाटलं, म्हातारी गमतीशीर आहे. रेडिओ मात्र हसला नाही. त्यानं तिच्या मुलीकडे पाहिलं, आणि मुलगी जमिनीकडे पाहत होती. त्याचे कान तापले. ‘फार फार वर्षांपूर्वी’ हे शब्द त्यानं स्वतःच गोष्टीला चिकटवले होते. ऐकायला बरे वाटतात म्हणून. सासऱ्यानं सांगितलं तेव्हा ती गोष्ट कुणाच्या तरी तरुणपणाची होती, आणि तरुण माणसं म्हातारी होईपर्यंत जगतात हे या बडबड्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

आत जाताना तो एक शब्द बोलला नाही. छताला लोंबणारे चुन्याचे सुळके, त्यांतला हत्ती, त्यांतलं झुंबर, सगळं त्यानं नुसत्या बॅटरीनं दाखवलं. ओल्या चुन्याचा गार वास नाकात बसत होता. गुहेच्या पोटात एक खोल विवर आहे. कठड्याला धरून वाकलं की तळाशी नदी सरकताना ऐकू येते. रेडिओचा खेळ तिथं चाले. विवराच्या बाजूला खडकात एक चीर होती, एक माणूस अंग तिरकं करून जेमतेम उभा मावेल अशी, आणि चार हातांवर बंद झालेली. बॅटरी विझवून तो गुपचूप त्या चिरेत शिरे आणि घोगऱ्या आवाजात ‘येतो... येतो...’ म्हणे. तो आवाज विवराच्या तळातून आल्यासारखा वाटे. बायका किंचाळत, पुरुष आपण घाबरलो नाही असं दाखवत. मग ‘म्हणा सगळे, जातो!’ असं ओरडत मंडळी बाहेर पळत.

“अहो, तो आवाज ऐकवा की!” कुणीतरी म्हणालं.

“आज नाही. पाणी चढलंय,” रेडिओ म्हणाला. पाणी काही चढलेलं नव्हतं.

मंडळी हिरमुसून वाटेच्या कडेनं बांधलेल्या दोराला धरून बाहेर गेली. म्हातारी मात्र कठड्यापाशी उभी राहिली. मुलगी तिच्या मागे.

“मावशी,” रेडिओ म्हणाला. आजीबाई आता त्याच्या तोंडून निघेना. “माझं चुकलं. मला माहीत नव्हतं...”

“तुमच्याशी भांडायला नाही आले मी.” ती विवरात बघत होती. “आमच्या गावापर्यंत ऐकू आलं. तिथली माणसं इथं फिरून गेली, म्हणाली, त्या गुहेत अजून तो येतो म्हणतो. खरं का हो?”

इथं खरं सांगायचं होतं. ‘तो मी असतो, मावशी,’ एवढे शब्द पुरे होते. पण ज्या बाईची आपण इतकी वर्षं टिंगल केली तिच्या तोंडावर हेही सांगायचं, की तुमच्या मेलेल्या नवऱ्याचा आवाजही मीच काढतो? रेडिओ बंद पडला.

“कधी कधी,” तो म्हणाला.

हे बोलताक्षणी त्याला स्वतःची किळस आली.

म्हातारीनं मान हलवली. “मी पुढं दुसरं लग्न केलं. ही त्यांची मुलगी. चांगला माणूस मिळाला मला. पण काय झालं, यांनी इथं आत जाताना येतो म्हटलं, मी या म्हटलं. म्हटलं की नाही? मग दाराची कडी वाजली की मला उठावंच लागायचं. वारा असला तरी उठायचं. हिचे वडील कधी रागावले नाहीत. तेच उठायचे. दार उघडून बाहेर बघायचे, म्हणायचे, कुणी नाही गं, झोप. जन्मभर उठले बिचारे माझ्यासाठी, माझ्या आधीच्या नवऱ्याला दार उघडायला. लाज वाटायची मला. आता तेही नाहीत. एकटीनं उठवत नाही. मला यांना सांगायचंय, आता येऊ नका म्हणून. त्यांनी एकदा जातो म्हणावं. मग मी दार लावून झोपेन.”

मुलगी हळूच म्हणाली, “आई, इथं कुणी...”

“असू दे. हाक मारू दे मला.”

रेडिओ मागे सरला. त्यानं काय करायचं ते ठरवलं, आणि ठरवताना त्याला रडू येत होतं. “बॅटरी विझवतो हं, मावशी. अंधारातच... येतं उत्तर.”

अंधार झाला. तो अंगाचं पातळ पान करून चिरेत शिरला. पाठीला गार खडक लागला. ती चीर त्याला घरच्या मोरीइतकी ओळखीची होती, पण त्या दिवशी तिच्यातला वास निराळा वाटला. ओल्या चुन्याच्या मागे जुन्या घामाचा वास होता. आपलाच असेल, असं म्हणून त्यानं श्वास धरला.

“अहो...” म्हातारीनं हाक मारली. आवाज एकदम कोवळा झाला होता. “ऐकलंत का? मी आलेय. रागावू नका. मी दुसरा संसार केला... सुखाचा झाला. आता येऊ नका. मी या म्हटलं होतं, ते परत घेते. तुम्ही जा... सांभाळून जा.”

खाली नदी सरकत होती. रेडिओनं तोंड उघडलं. घोगरा आवाज काढायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्यानं साध्या, स्वतःच्या आवाजात, जितकं हळू म्हणता येईल तितकं हळू म्हटलं, “जातो.”

विवरानं तो शब्द उचलला, घोळवला आणि खाली नेला. कठड्यापाशी म्हातारीनं इतका लांब श्वास सोडला, की तो चिरेपर्यंत ऐकू आला.

रेडिओ तसाच उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या तोंडून काहीतरी कामाचं निघालं, असं त्याला वाटलं. डोळे पुसायला त्यानं हात वर केला.

तेव्हा त्याच्या मानेमागे, जिथं नुसता खडक होता तिथं, कुणीतरी म्हणालं, “येतो.”

त्या आवाजात भीतीदायक असं काही नव्हतं. पाहुणा बराच वेळ बसल्यावर उठतो, चपला शोधतो आणि निरोप घेतो, तसा तो सभ्य, थोडा दमलेला आवाज होता. आणि तो इतका घरगुती होता, की आयुष्यभर प्रत्येक उंबऱ्यावर जे केलं तेच रेडिओच्या जिभेनं केलं. त्याला विचारलंसुद्धा नाही.

“या,” तो म्हणून गेला.

शब्द सुटला आणि मग त्याला कळलं. तो चिरेतून अंग खरवडत बाहेर पडला. धडपडत त्यानं बॅटरी लावली तसा उजेड सगळ्या छतावर नाचला. मुलीनं विचारलं, “काय झालं?” त्यानं बाहेरच्या वाटेकडे बोट दाखवलं. बाहेर येईपर्यंत तो सगळ्यांत मागे चालला, कारण ते त्याचं काम होतं. एकदाही मागे पाहिलं नाही.

बाहेर अजून ऊन होतं. सहलीची बस निघून गेली होती. तिकीट खिडकी बंद झाली होती. मोकळ्या जागेत एकच गाडी उभी होती. म्हातारी स्वतःच्या पायांनी, मुलीचा हात न धरता, गाडीपर्यंत गेली. आत बसली आणि काच खाली करून तिनं रेडिओला जवळ बोलावलं.

“तुम्हीच होतात ना?” ती म्हणाली.

रेडिओला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. “मावशी, मी...”

“कळलं मला. आवाज निराळा होता. यांचा आवाज मी विसरेन का?” ती हसली. त्या हसण्यात त्याला माफ केल्याची खूण होती, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली. “असू दे. कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी सांगितलं, तुम्ही म्हणालात. मला मोकळं वाटतंय.”

मुलीनं गाडी सुरू केली. म्हातारीनं काच वर करायला हात नेला आणि थांबली.

“पण एक सांगा. नंतर तुम्ही या म्हणालात. ते कुणाला?”

रेडिओनं खिडकीची कड धरली. मग त्याच्या लक्षात आलं, की म्हातारी आता त्याच्याकडे बघत नाहीये. तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली होती, जराशी वर, आपल्यापेक्षा उंच माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी. तिच्या ओठांवरचं हसू गेलं. घाबरल्यासारखीही ती दिसली नाही. तिचा चेहरा शरमेनं लाल झाला.

“अगं बाई,” ती अगदी हळू म्हणाली, “केवढे म्हातारे झालात हो.”

“आई? कुणाशी बोलतेस?” मुलीनं विचारलं.

“कुणाशी नाही. चल तू. लवकर चल.”

गाडी वळली आणि धूळ उडवत रस्त्याला लागली. म्हातारीनं काच लावून घेतली होती आणि मान खाली घातली होती. रेडिओ मोकळ्या जागेत एकटा उभा राहिला. घरी जायचं तर मागे वळायला हवं होतं, सायकल मागेच होती.

मागे कुणीतरी, बोलायला सुरुवात करण्याआधी माणसं करतात तसं, घसा खाकरला.